सायकलीचे लाकडी भाग

सायकलीचे लाकडी भाग म्हणजे सायकलीची रिम, हँडल, मडगार्ड, चेनकव्हर, मुठी इत्यादी लाकडापासून घडवलेले घटक होत. एकोणिसाव्या शतकात ते सर्रास वापरात होते. आज ते मुख्यतः जुन्या सायकलींच्या पुनर्बांधणीत आणि जुन्या धाटणीच्या, हाताने घडवलेल्या सायकलींत आढळतात. मडगार्ड व चेनकव्हर लाकडाचे केल्याने सायकलीच्या यंत्रणेत काही फरक पडत नाही. रिमचे तसे नाही. स्वाराचे वजन, तारांची ओढ आणि टायरचा दाब ती एकाच वेळी सोसते. त्यामुळे लाकडी रिम बसवायची तर ब्रेक, टायर व तारांची जोडणी तिच्या कलाने बदलावी लागते.

इतिहास

कार्ल फोन ड्राइस याने १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे चालवून दाखवलेले दुचाकी वाहन बहुतांशी लाकडाचेच होते. त्याला पायडल नव्हते. स्वार जमिनीला पायांनी रेटा देत पुढे जाई. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल जोडलेल्या सायकली विकल्या जाऊ लागल्या. त्यांची चाके बैलगाडीच्या चाकांसारखी होती : मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि बाहेरून लोखंडी धाव. दगडी रस्त्यावर अशी सायकल इतकी हादरे की इंग्लंडमध्ये तिला हाडे खिळखिळी करणारी या अर्थाचे नाव पडले.

पुढे तारांचे चाक आले आणि लाकडाचे काम बदलले. गाडीच्या चाकात वजन खालच्या आऱ्यांवर उभे असते. तारांच्या चाकात सर्व तारा आधीच ताणलेल्या असतात व त्या रिमला सगळीकडून आत ओढतात. म्हणून जाड पुठ्ठ्यांची गरज उरली नाही. वाकवलेले बारीक कडे पुरेसे झाले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, त्यानंतर हादरेही कमी झाले. १८९० च्या दशकात अमेरिकेत लाकडी रिम हीच नेहमीची रिम होती. स्त्रियांच्या सायकलींना लाकडी मडगार्ड व चेनकव्हर असत आणि घागरा चाकात अडकू नये म्हणून त्यांच्यापासून दोऱ्यांची जाळी ओवलेली असे.

लाकडी रिम मागे पडली ती केवळ दुबळी होती म्हणून नव्हे. रिमवर दाबणारे ब्रेक, कडेत अडकणारे टायर आणि पोलादाची पट्टी यंत्रावर वळवण्याची सोय या तिन्ही गोष्टी धातूच्या बाजूच्या होत्या. शर्यतींत मात्र लाकूड बराच काळ टिकले. तेथील टायर रिमला चिकटवलेले असतात. डोंगर उतरताना ब्रेकमुळे धातूची रिम तापून चिकट द्रव्य सैल होण्याची धास्ती असे, तर लाकूड उष्णता फारशी वाहून नेत नाही. १९३४ च्या तूर द फ्रान्समध्ये विजेता आंतोनँ मान्य याने माविक कंपनीच्या ड्युरालुमिन रिमा लाकडासारख्या रंगवून वापरल्या, हा किस्सा सायकलप्रेमींत प्रसिद्ध आहे.

घडण

रिमसाठी बीच, ॲश, मॅपल अशी सरळ रेषांची, वाकणारी लाकडे वापरतात. गाठ असलेली फळी घेत नाहीत, कारण वाकवताना ती तेथेच फुटते. जुन्या रिमा पुष्कळदा एकाच वाफवलेल्या पट्टीच्या असत आणि तिची टोके बोटांत बोटे गुंफावी तशा दातेरी सांध्याने जोडलेली असत. हाताने काम करणाऱ्यास पातळ पट्ट्यांचे थर देणे सोपे जाते. शर्यतीच्या चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर असल्याने पट्ट्या त्याहून लांब लागतात. त्या सरस लावून गोल साच्याभोवती एकावर एक गुंडाळतात व शिकंज्यांनी आवळतात. प्रत्येक पट्टीची टोके तिरकी तासून सांधतात आणि एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाहीत. सरस पक्का झाल्यावर बाहेरच्या बाजूस टायरसाठी खोलगट खाच काढतात, तारांची छिद्रे पाडतात आणि मग वॉर्निश देतात. छिद्रांच्या आतून वॉर्निश द्यायचे राहिले तर पाणी तेथूनच शिरते.

मडगार्ड याच पद्धतीने पण कमी कष्टात होते. सागवान पाण्याला टिकते. मात्र त्याच्या तेलकटपणामुळे सरस धरत नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी पट्ट्या थिनरने पुसून घ्याव्या लागतात. साच्यातून सुटल्यावर पट्टी थोडी उलगडते, हे गृहीत धरून साचा चाकाच्या मानाने किंचित लहान ठेवतात.

जोडणी

तारेचे निपल लाकडात रुतू नये म्हणून त्याखाली वॉशर लागतो, आणि रिम जाड असल्याने निपलही लांब लागते. तारा ॲल्युमिनियमच्या रिमइतक्या ताणत नाहीत. टायर चिकटवण्यासाठी पूर्वी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावत. आपल्याकडे सुतार पॉलिशसाठी वापरतो तीच ही लाख. ब्रेक रिमवर दाबणारे असतील तर रबराऐवजी बुचाच्या लाकडाचे गुटके बसवतात.

भारतात रुळलेली २८ इंची सायकल ब्रिटिश घडणीची, पोलादी रिमची. त्यामुळे महाराष्ट्रात जुन्या सायकलीला लाकडी रिम बसवणे हे पुनरुज्जीवन नसून नवी रचनाच ठरते, आणि तिच्यात दोन अडचणी हमखास येतात. या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ व मागच्याला ४० तारा असतात, तर तयार लाकडी रिमा सहसा २८, ३२ किंवा ३६ छिद्रांच्या मिळतात. म्हणजे मागचा हब तरी बदलावा लागतो किंवा रिम खास छिद्रांची करून घ्यावी लागते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. दांड्यांचा ब्रेक रिमच्या आतील पोलादी बाजूस खालून दाबतो; लाकडी रिमवर तो वापरता येत नाही. अशा वेळी हबमधला, पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक किंवा ड्रम ब्रेक घेतात. ब्रेकची ही व्यवस्था न करता नुसती रिम बदललेली सायकल दिसायला सुंदर असली तरी रस्त्यावर नेण्याजोगी नसते.

मर्यादा व सध्याचा वापर

लाकूड ओलाव्याने फुगते व उन्हात आक्रसते, त्यामुळे पावसाळ्यानंतर चाक पुन्हा सरळ करून घ्यावे लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या मूळ रिमा संग्रहासाठी ठीक. त्यांचा सरस कितपत टिकला आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून चालवण्याच्या सायकलीला नव्या रिमा बसवतात. इटलीत चेर्की गिसालो ही कार्यशाळा अशा रिमा आजही बनवते. तिच्या नावातील गिसालो हा कोमो सरोवराजवळचा घाट असून तेथील मरियमचे देऊळ सायकलस्वारांचे श्रद्धास्थान आहे. टस्कनीत १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या फेरीत जुन्या शर्यती सायकली घेऊन लोक कच्च्या रस्त्यांवरून जातात. तेथे लाकडी रिमा चालत्या चाकांवर पाहायला मिळतात.