रात्री अडीच वाजता सर्व्हरजवळ कोण असते? दूरस्थ व्यवस्थापनाचा संक्षिप्त इतिहास

30 जुलै 2012 ची रात्र घ्या. अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे वीज ग्रीड कोसळले; चंदीगडही त्यात आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा कोसळले. अशा वेळी सर्व्हर रूमचा एसी बंद पडतो, सर्व्हर मात्र यूपीएसवर चालू राहतात आणि तापमान चढत जाते. तिथे माणूस नसेल, तर हे कळणार कसे? आजच्या विषयाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

पहिले उत्तर 1988 मध्ये एसएनएमपी या प्रोटोकॉलने दिले. यंत्रातला एजंट बिघाड झाला की 'ट्रॅप' नावाचा संदेश पाठवतो. पण सर्व्हरवर हा एजंट ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधाराने चालतो. ती गोठली की एजंटही गप्प. म्हणजे रुग्ण बेशुद्ध झाल्यावर त्यानेच डॉक्टरला फोन करावा, अशी अपेक्षा!

म्हणून मदरबोर्डवर एक स्वतंत्र छोटा प्रोसेसर आला : बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे बीएमसी. सर्व्हर बंद असला, तरी वायर जोडलेली असेपर्यंत तो स्टँडबाय विजेवर जागा राहतो. तापमान, पंखे, व्होल्टेज यांची नोंद ठेवतो. मात्र प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. 1998 मध्ये इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी मिळून आयपीएमआय हे समान मानक जाहीर केले. 2001 च्या 1.5 आवृत्तीत नेटवर्कवरून नियंत्रण आणि सूचना आल्या. 2004 च्या 2.0 मध्ये एन्क्रिप्शन आले.

याचे महत्त्व पुण्यात पाहा. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर 2007 मध्ये जगात चौथा आला. त्यात 14,000 हून अधिक कोअर होते. प्रत्येक ब्लेडमध्ये दोन क्वाड-कोअर प्रोसेसर, म्हणजे सुमारे 1,780 ब्लेड. इतक्या यंत्रांपुढे कीबोर्ड-मॉनिटर घेऊन कोण फिरणार? एचपीच्या त्या ब्लेडमध्ये 'आयएलओ' हा व्यवस्थापन प्रोसेसर बसवलेलाच असे.

पण जी चावी दुरून सर्व्हर बंद करू शकते, ती चोराच्याही कामाची. 2013 मध्ये डॅन फार्मर यांनी दाखवले की आयपीएमआय 2.0 लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश समोरच्याला देऊन टाकते. ही चूक एखाद्या कंपनीची नव्हती, मानकाच्या रचनेतच होती. 2015 मध्ये आलेले रेडफिश हे नवे मानक म्हणूनच एचटीटीपीएसवर चालते.

आता सेटिंगचे टप्पे पाठ करावे लागणार नाहीत, कारण प्रत्येकामागे हा इतिहास आहे :

1. बीएमसीला स्थिर आयपी पत्ता द्या आणि ते वेगळ्या व्हीलॅनवर ठेवा. इंटरनेटवर कधीच उघडे ठेवू नका.
2. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.
3. तापमानाच्या दोन मर्यादा ठरवा : सावधानतेची आणि धोक्याची.
4. सूचना किमान दोन माणसांना जाऊ द्या.
5. शेवटी, जोड वीजपुरवठा असलेल्या सर्व्हरची एक वायर काढून सूचना खरोखर येते का ते पाहा.

पाचवा टप्पा बहुतेक जण गाळतात. त्यांच्यासाठी एक प्रश्न : सर्व्हर यूपीएसवर आहे, पण त्याचा नेटवर्क स्विच साध्या सॉकेटवर आहे. 30 जुलैच्या त्या रात्री बीएमसीने पाठवलेली सूचना कुठपर्यंत पोहोचली असती?