पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव : अड्यार ते बार्शी

आवडी हे नाव तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात जानेवारी 1955 च्या काँग्रेस अधिवेशनामुळे भेटते. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तिथे झाला. त्याआधी सात महिने, 18 जून 1954 रोजी, मद्रासच्याच अड्यार भागात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून कर्करोग रुग्णालय सुरू झाले होते. बहीण कर्करोगाने गेल्यापासून त्यांनी हा ध्यास घेतला होता. मुंबईत टाटा मेमोरियल 1941 पासून होतेच. रुग्णालये उभी राहिली. प्रश्न उरला तो बाई तिथवर केव्हा पोचते याचा.

बारा महिने पाळी आली नाही की ती कायमची गेली असे धरतात. त्यानंतर थेंबभर रक्त दिसले तरी तपासून घ्यायचे, असा वैद्यकाचा नियम आहे. बहुतेक वेळा कारण साधे निघते : पातळ झालेले अस्तर किंवा एखादा मऊ कोंब. पण साधारण दहापैकी एकीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सापडतो, आणि आपल्याकडे गर्भाशयमुखाचा कर्करोगही लक्षात ठेवावा लागतो.

आता आपली भाषा पाहा. बाई म्हणते, ‘अंगावरून जातंय’. आणि दुखणे ती ‘अंगावर काढते’. पाळी गेली म्हणजे विटाळातून सुटका. ती परत आली हे सुनेला सांगायचे कसे? कोणी ‘उष्णता वाढली’ म्हणते, आणि महिने निघून जातात. माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास इथे आहे, यंत्रांच्या यादीत नाही.

म्हणूनच बार्शीचे उदाहरण महत्त्वाचे. 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांच्या खेड्यांसाठी भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात नोंदणीचा माणूस रुग्णालयाची कागदपत्रे चाळतो. इथे रुग्णच रुग्णालयात येत नव्हते, मग चाळायचे काय? कर्मचारी गावोगाव गेले, लोकांना लक्षणे समजावली, संशय आला त्यांना बार्शीच्या रुग्णालयात तपासणीला आणले. काम मोजणीचे होते, पण विचारल्यामुळे बायका बोलू लागल्या. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही!

पुढे उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटाला मात्र ही तपासणी मिळाली नव्हती. त्यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

ही चाचणी गर्भाशयमुखापुरती आहे. अस्तराच्या कर्करोगासाठी निरोगी स्त्रियांची अशी सरसकट तपासणी केली जात नाही. तिथे पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव हीच बहुधा पहिली खूण असते. तुमच्या आजीने किंवा मावशीने तसे सांगितले, तर डॉक्टर आतून तपासतात, सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात आणि गरज वाटल्यास छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात.