७५ अंशांत कललेली अक्षरे

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. त्यात नाव, रोल नंबर, स्केल हे सगळे रोजच्या हस्ताक्षरात लिहून चालत नाही. आधी हलक्या हाताने गाइड लाइन्स मारायच्या आणि एचबी पेन्सिलने एकेक अक्षर त्यांच्यात बसवायचे. रेघ सगळीकडे एकाच जाडीची, टोकांना शेपट्या नाहीत आणि अक्षरे तिरपी काढायची तर कल आडव्या रेषेशी ७५ अंशांचा. पुण्या-सांगलीच्या कॉलेजांपासून आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडपर्यंत कितीतरी मराठी मुलांनी ही अक्षरे घोटली आहेत. कुणा एका कलावंताच्या लहरीतून ती आलेली नाहीत. हत्यारांनी आणि कारखान्याच्या गरजेने ती घडवली.

एकोणिसाव्या शतकातल्या ड्रॉइंगांवरची अक्षरे नटलेली असत. शीर्षकाला जाड-बारीक रेघांचे रोमन वळण, वर सावली आणि वेलबुट्टीही. पुढे यंत्रे वाढली, ब्लूप्रिंटमुळे एका ट्रेसिंगच्या अनेक प्रती कारखान्यात फिरू लागल्या आणि एवढ्या सजावटीला कुणाकडे सवड राहिली नाही. अमेरिकेत ‘इंजिनिअरिंग न्यूज’चे मुख्य ड्राफ्ट्समन चार्ल्स राइनहार्ट यांनी १८९० च्या दशकात पुस्तक लिहून एकरेघी, तिरप्या अक्षरांची पद्धत शिकवली. तिरपेपणामागचे कारण अगदी व्यवहारी होते. उभी रेघ जराशी ढळली तरी डोळ्याला खुपते. कललेल्या रेघेतली तेवढीच चूक खपून जाते. शिवाय लिहिता हात मुळातच तिरका चालतो.

जर्मनांनी याचे मानक केले. १९१९ साली निघालेले डीआयएन १६ हे ड्रॉइंगवरच्या तिरप्या अक्षरांसाठीच होते.

टोकांची गोलाई आली ती हत्याराकडून. गोल चकतीच्या टोकाचा टाक असो की रॉट्रिंगसारखे नळीचे पेन, रेघ जिथे थांबते तिथे अर्धवर्तुळ उमटतेच. स्टेन्सिलच्या खाचेतून असे पेन फिरवले की नवख्याच्या हातूनही अक्षर नेटके उतरे. अमेरिकेत क्यूफेल अँड एसर कंपनीचा ‘लेरॉय’ संच हेच काम करी. इंजिनिअरांसाठी काढलेल्या या संचाने १९५० च्या दशकात ईसी कॉमिक्सच्या भयकथांमधले संवादही लिहिले गेले.

१९७४ मध्ये आयएसओ ३०९८ हे आंतरराष्ट्रीय मानक आले, आणि त्यातला हिशोब खरोखर देखणा आहे. ‘ए’ प्रकारात रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या चौदाव्या भागाइतकी, तर ठसठशीत ‘बी’ प्रकारात दहाव्या भागाइतकी. उंचीची मापे २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर अशी, म्हणजे प्रत्येक माप आधीच्याच्या सुमारे १.४ पट. ए४, ए३ या कागदांच्या लांबी-रुंदीतही हेच प्रमाण असते. त्यामुळे ए३ ड्रॉइंग ए४ वर लहान केले की ५ मिलिमीटरचे अक्षर ३.५ चे होते आणि ०.५ ची रेघ ०.३५ ची. दोन्ही मापांची पेने तयार मिळत, तेव्हा लहान केलेल्या प्रतीवरही त्याच वळणाची दुरुस्ती करता येई. दोन अक्षरांमध्ये रेघेच्या दुप्पट जागा सोडायची, म्हणजे मायक्रोफिल्मवर ती एकमेकांत मिसळत नाहीत. ३ चा ८ वाचला गेला तर भोक चुकीच्या मापाचे पडते आणि अख्खा भाग भंगारात जातो. या काटेकोरपणाला म्हणूनच मोल आहे.

संगणकाने हे वळण मोडले नाही. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन हर्शी यांनी १९६७ मध्ये अक्षरे निव्वळ रेघांच्या रूपात मांडली होती. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले, त्यातला ‘सिम्प्लेक्स’ फॉन्टही याच एकरेघी जातीचा. त्यातून निघालेले ड्रॉइंग कागदावर उतरवणाऱ्या पेन-प्लॉटरमध्ये शाईची नळीची पेने बसवत, आणि छापून आलेल्या अक्षरांची टोके गोलच राहिली.