वाढीचा रस आणि त्याचे हमाल

आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य गिरण्यांच्या दारांवरील सभांत आणि हमालांच्या अड्ड्यांवर गेले. शास्त्र जे काही कळले ते वाचनालयाच्या कृपेने. म्हणूनच की काय, या इतिहासात आम्हांस मालापेक्षा हमालाचे प्रकरण अधिक भावले.

माल आधी सापडला. १८८० साली चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनी दाखविले की, गवताच्या कोंबाचे टोक झाकले म्हणजे कोंब उजेडाकडे वळत नाही. वाकण मात्र टोकाच्या खाली पडते. तेव्हा टोकाकडून काहीतरी खाली जात असले पाहिजे. १९२६ साली हॉलंडात उट्रेक्ट येथे फ्रिट्स वेंट या तरुणाने ओटच्या कोंबांची टोके आगरच्या तुकड्यावर ठेवून तो रस त्यात उतरविला, आणि नुसता तुकडा एका बाजूस बसवून कोंब वाकवून दाखविला. त्या रसाला पुढे ऑक्सिन हे नाव पडले.

पण कांडाचा तुकडा उलटा धरला तरी ऑक्सिन शेंड्याकडून बुडाकडेच जाते. मग त्याला वाट कोण दाखवितो? १९७४-७५ मध्ये रुबेरी व शेल्ड्रेक यांनी, तसेच रेव्हन याने, उपपत्ती मांडली. पेशीच्या भिंतीतील आम्लात ऑक्सिन सहज आत शिरते. आत आम्लता कमी, तेथे त्याला विद्युतभार येतो व ते अडकते. बाहेर पडावयास वाहक हवा. वाहक एकाच बाजूस असले की दिशा ठरली.

हा हमाल १९९८ साली ओळखला गेला. म्हणजे मालानंतर बहात्तर वर्षांनी! आम्हांस याचे नवल वाटले नाही. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसचे एक बिघडलेले रोप होते; त्याला फुलांऐवजी टाचणीसारखा उघडा दांडा येई. त्यावरून या प्रथिनाला 'पिन' म्हणू लागले. हमाल नाही तर फूल नाही.

तो आपल्या जागी खिळलेला असेल, असे आम्हीही धरून चाललो होतो. २००१ साली जर्मनीतील संशोधकांनी बुरशीपासून मिळणारे ब्रेफेल्डिन मुळांना दिले, तेव्हा पटलावरील पिन पेशीच्या पोटात गोळा झाले. ते द्रव्य धुऊन काढताच परत पटलावर गेले. नवी प्रथिने बनणे बंद पाडले होते, तरीही! म्हणजे परतले ते जुनेच. पेशी त्यांना इवल्या पिशव्यांत घालून सारखी आत-बाहेर नेत असते. हमालालाही कोणी वाहून नेतो, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. या फेऱ्या ज्याच्यावाचून अडतात, ते 'ग्नोम' प्रथिन २००३ साली समजले.

या फिरतीचा उपयोग मुळाच्या टोकाशी दिसतो. रोप आडवे केले की तेथील पिन-३ हे भावंड काही मिनिटांत पेशीच्या खालच्या बाजूस सरकते. ऑक्सिन त्या अंगाला अधिक जाते, तिथली वाढ मंदावते, आणि मूळ पुन्हा जमिनीकडे वळते.