बॉयकॉट

बॉयकॉट : एखादी व्यक्ती, संस्था, माल किंवा कार्यक्रम यांच्याशी अनेकांनी ठरवून संबंध तोडणे, या अर्थाचा इंग्रजी शब्द. नाम आणि क्रियापद अशा दोन्ही रूपांत तो चालतो. मूळचे हे आडनाव आहे. मुलगा या अर्थाच्या ‘बॉय’वरून हा शब्द आलेला नाही. बहुतेक शब्दांची जन्मवेळ सांगता येत नाही. या शब्दाची मात्र हंगामासकट सांगता येते : १८८० चा शरद, आयर्लंडमधील मेयो परगणा.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–१८९७) हा नॉर्फकचा इंग्रज. लष्करात तो थोडाच काळ होता, पण ‘कॅप्टन’ ही उपाधी त्याला कायमची चिकटली. लॉख मास्क सरोवराकाठी तो लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून खंडवसुली पाही. पीक बुडाल्याने कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. मालक १० टक्क्यांवर अडला. बॉयकॉटने कुळांवर जमिनी खाली करण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला आयरिश नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांनी एनिस येथील सभेत, हुसकावलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याला रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनास्थळातही एकटे पाडा, असे सांगितले होते. लँड लीग या कुळांच्या संघटनेतील शेतकऱ्यांनी हा उपाय थेट कारभाऱ्यावर चालवला. गडी कामावरून उठले, दुकानदार माल देईनात, टपाल पोचेना. शेवटी उत्तरेकडून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी मोठे सैन्य. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढायला त्या वेळच्या अंदाजाने १०,००० पौंड खर्च झाले. एक डिसेंबरला बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

शब्दाचे श्रेय सहसा गावचे पाद्री जॉन ओमॅली यांना देतात. अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या सांगण्यानुसार, यासाठीचा रूढ इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना जड जाईल म्हणून ओमॅलींनी कारभाऱ्याचे नावच क्रियापद म्हणून सुचवले. नोव्हेंबरात हा नवा शब्द लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आला, पुढे फ्रेंच, जर्मन, डच, रशियन भाषांनीही तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला.

मराठीला उसनवारीची फारशी गरज पडली नाही, कारण ‘बहिष्कार’ आणि ‘वाळीत टाकणे’ आधीपासून होते. पण त्यांची दिशा उलटी. जातपंचायत वाळीत टाकी ती आपल्यातल्या दुबळ्याला; मेयोत कुळांनी वाळीत टाकले ते मालकाच्या माणसाला. वंगभंगाच्या घोषणेनंतर १९०५ मध्ये विलायती मालावरील बहिष्कार सुरू झाला, टिळकांनी तो स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य यांच्या जोडीने चतुःसूत्रीत घेतला, तेव्हा जुन्या मराठी शब्दाला हा नवा अर्थ मिळाला. जुना अर्थ त्यामुळे गेला नाही : आंबेडकरांनी १९२७ मध्ये काढलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ होते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याच्या इंग्रजी नावात मात्र ‘बॉयकॉट’ हाच शब्द बसला आहे.

क्रिकेटच्या वाचकाला हे आडनाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. वर्णभेदामुळे जगाने खेळात दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार टाकलेला असताना, १९८२ मध्ये तो मोडून तिथे खेळायला गेलेल्या इंग्लंडच्या बंडखोर संघात जेफ्री बॉयकॉट होते. त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.