विझलेल्या दिव्याचा अर्थ

आमच्या झाडीपट्टीत जुनी विहीर उपसायला माणूस उतरण्याआधी दोराला कंदील बांधून आत सोडण्याची रीत आहे. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरतो. मधेच विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नाही. कंदील वाऱ्याने विझू शकतो, घासलेट संपल्याने विझू शकतो, कडेच्या झऱ्याचा थेंब पडूनही विझू शकतो. पण काठावर उभे राहून यावर वाद घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दिवा विझला की आत विषारी हवा आहे असे धरून चालायचे, एवढेच.

हा कंदील मला आठवला तो वडशाच्या एका राइस मिलमध्ये, दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. वैनगंगेच्या काठचे हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक कंपन्यांचे गाव म्हणून. दिवाळी झाली की मंडईच्या निमित्ताने गावोगाव नाटके सुरू होतात आणि त्याच सुमारास खळ्यावरचे धान मिलकडे येऊ लागते. नाटक आणि भरडाई, दोन्हींची जागरणे एकदमच. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चांद्यापासून वेगळा झाला तेव्हा त्याच्या वाट्याला जंगल पुष्कळ आले, कारखाने फार थोडे. इथला कारखाना म्हणजे धानाची मिल. सरकारी धान भरडून देणाऱ्या मिलला १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो, तेव्हा यंत्र तासभर जरी बिघडलेले चालले आणि कणी वाढली तरी हिशेब मालकाच्या अंगावर येतो.

राइस मिल बाहेरून एकच यंत्र वाटते. आत ती दहा-बारा यंत्रांची माळ असते. चाळणी, खडे काढणारे यंत्र, रबरी रोलांचा शेलर, तूस उडवणारा पंखा, पॉलिशर, कणी वेगळी करणारा ग्रेडर. आणि यांतल्या प्रत्येकाला धान पोचवणारे उभे एलिव्हेटर, म्हणजे पत्र्याच्या नळकांड्यात पट्ट्यावर बसवलेल्या बादल्या. एक अडले की मागचे तुंबते आणि पुढचे रिकामे फिरते. जुने मिस्त्री ही माळ कानाने सांभाळत आले. बाहेर चहा पिता पिता 'तिसरा एलिव्हेटर भरला' असे म्हणून उठणारा मिस्त्री मी पाहिला आहे. पण असा कान तयार व्हायला वीस वर्षे लागतात, आणि तोवर तो कान पुष्कळसा बहिराही झालेला असतो.

म्हणून त्या मिलच्या शेठनी आयटीआय झालेल्या एका तरुणाकडून बिनतारी दिवे बसवून घेतले. तारा ओढायच्या तर तूस, धूळ आणि उंदीर यांच्यापुढे त्या टिकत नाहीत. त्याने प्रत्येक मोटरच्या स्टार्टरवर एक छोटी डबी बसवली. मोटर सुरू झाली की डबी निरोप पाठवी आणि ऑफिसमधल्या फळीवर त्या यंत्राचा हिरवा दिवा लागे. मोटर बंद झाली की दिवा विझे. तशीच एक फळी खाली एलिव्हेटरच्या खड्ड्यापाशी लावली. खर्च फार नव्हता आणि शेठ खूश होते.

मग एका रात्री दुसऱ्या एलिव्हेटरचा दिवा विझला. गल्ल्याच्या हिशेबात ते कोणाच्या लक्षात आले नाही. खड्ड्यातल्या हमालाने मात्र पाहिले. तुंबलेले धान काढायची ही संधी असे समजून त्याने खालचे झाकण उघडले आणि हात आत घालणार, तोच मिस्त्रीने त्याचा दंड धरून मागे ओढला. बादल्या फिरतच होत्या. मिलमध्ये इतका गोंगाट असतो की चार हातांवरचे एक यंत्र चालू आहे की बंद हे नवख्याला कळत नाही. त्याने फळीवर विश्वास ठेवला होता. झाले एवढेच होते की भिंतीलगत ओल्या धानाची नवी थप्पी लागली होती आणि डबीचे निरोप तिच्यापलीकडे पोचत नव्हते.

"दिवा बंद होता नं जी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दिवा बंदच होता. प्रश्न बंद दिव्याचा अर्थ काय, हा होता. आणि हा प्रश्न त्या मिलपेक्षा फार जुना आहे हे मला नंतर वाचताना कळत गेले.

आमच्या जुन्या चांदा जिल्ह्यातच आधी पाहू. वरोऱ्याची कोळसा खाण १८७१ साली सुरू झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीच्या जाळीच्या दिव्याला अर्धशतक उलटून गेले होते. १८१५ साली डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली, ती खाणीतल्या वायूने भडका घेऊ नये म्हणून. पण खाणकामगारांनी त्या दिव्याचा दुसराच उपयोग शोधून काढला. हवेत ज्वालाग्राही वायू असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. वायू जितका जास्त तितकी टोपी उंच. प्राणवायू कमी झाला की ज्योत मंदावते आणि विझते. उजेडासाठी केलेला दिवा अशा रीतीने हवेची बातमी सांगू लागला. विजेचे दिवे खाणीत आल्यावरही मायनिंग सरदाराच्या हातातून हा ज्योतीचा दिवा लवकर सुटला नाही, कारण विजेचा दिवा विषारी हवेतही आनंदाने जळत राहतो. ज्योतीच्या दिव्याचे विझणे हाच त्याचा गुण होता.

रेल्वेला हा धडा माणसे गमावून शिकावा लागला. वर्षानुवर्षे जिल्ह्याचे रेल्वे स्थानक म्हणजे वडसाच, त्यामुळे आमच्या गावात रेल्वेच्या गोष्टी घरोघर असतात. गोंदिया–चांदाफोर्ट मार्ग पूर्वी अडीच फुटी नॅरोगेजचा होता. १९९०च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. संध्याकाळी सिग्नलच्या खांबावर चढून घासलेटचा दिवा लावणारा लॅम्पमन ही त्या जुन्या रेल्वेतली ओळखीची आकृती. असा दिवा रात्री वाऱ्याने विझला तर येणाऱ्या ड्रायव्हरने काय समजायचे?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये याचे उत्तर चुकीचे होते. तिथे कित्येक मार्गांवर सिग्नलचा हात एरवी 'जा' असाच खाली ठेवलेला असे आणि धोका असेल तेव्हाच वर केला जाई. २१ जानेवारी १८७६ रोजी ॲबट्स रिप्टन इथे बर्फाचे वादळ झाले. सिग्नलच्या हातावर आणि तारेवर बर्फ गोठले. केबिनमधल्या माणसाने दांडा ओढून 'थांबा' केले, पण खांबावरचा हात 'जा' असाच राहिला. एक्स्प्रेस मालगाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर दुसरी एक्स्प्रेस येऊन आदळली. केबिनमधल्या माणसाचे काही चुकले नव्हते. त्याने दांडा ओढला होता. दांडा ओढला म्हणजे हात वर गेला, एवढे त्याने धरून चालले होते.

यानंतर पद्धत उलटली. सिग्नल मुळात 'थांबा' असणार आणि गाडी सोडायची असेल तेव्हाच तो 'जा' होणार. वजन अशा रीतीने बसवले की तार तुटली तर हात आपोआप 'थांबा'वर यावा. रंगही बदलले. पूर्वी पांढरा दिवा म्हणजे 'जा' असे. पण लाल काच फुटली तर धोक्याचा दिवाही पांढराच दिसे, म्हणून 'जा'साठी हिरवा आला. आणि विझलेल्या दिव्याबद्दल आपल्या रेल्वेच्या नियमांत आजही स्पष्ट आहे: जिथे सिग्नल असायला हवा तिथे तो दिसला नाही किंवा अर्धवट दिसला, तर तो सर्वांत कडक संकेत दाखवतो आहे असेच ड्रायव्हरने मानायचे. विहिरीच्या काठावरचा तो कंदीलच हा. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली रुळांतूनच वीज खेळवणारे ट्रॅक सर्किट आणले, त्यातही हीच युक्ती आहे. वीज वाहते आहे तोवर रूळ मोकळा. गाडी आली, रूळ तुटला, बॅटरी संपली, तार उंदराने खाल्ली, काहीही झाले तरी वीज थांबते आणि सिग्नल लाल होतो. बिघाड आणि धोका यांत फरक करण्याच्या भानगडीत ती पद्धत पडतच नाही.

इतके सगळे शंभर वर्षे माहीत असून माणसे पुन्हा फसली. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडली आणि नंतर बंद व्हायची ती उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातल्या फळीवर तिचा दिवा होता. पण तो दिवा जोडलेला होता झडप चालवणाऱ्या विजेच्या गुंडाळीला, झडपेला नव्हे. गुंडाळीची वीज बंद झाली, दिवा विझला, आणि चालकांनी समजून घेतले की झडप बंद आहे. दोन तासांहून अधिक काळ तिच्यातून पाणी वाहत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा निम्म्याच्या आसपास वितळला. अब्जावधींच्या केंद्रातली ती चूक आणि आमच्या मिलमधली चूक एकाच जातीची. दिवा हुकूम सांगत होता, हकीकत सांगत नव्हता.

जपानी कारखान्यांचा दिवा निराळ्या वाटेने आला. साकिची टोयोडाने १९२४ साली जो स्वयंचलित माग पुरा केला, तो सूत तुटले की आपण होऊन थांबे. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरकडून आपल्या मुंबईच्या गिरण्यांनी माग आणले, त्याच लँकेशायरने जपानकडून हे विकत घ्यावे हे मला गमतीचे वाटते. त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात पुढे 'अँडॉन' आले. शब्द साधा आहे, कागदी कंदील. कामगाराला अडचण आली की त्याने दोरी ओढायची, वर त्याच्या जागेचा दिवा लागतो आणि मदतीला माणूस येतो. इथे दिवा कोण लावतो याला महत्त्व आहे. यंत्रापाशी उभा असलेला माणूस तो लावतो, आणि धनी ऑफिसात बसून त्याच्यावर पाळत ठेवतो असा त्याचा मूळ हेतू नव्हता. आपल्याकडे असे दिवे बसवताना हे पुष्कळदा विसरले जाते; फळी आधी मालकाच्या टेबलामागे लागते.

आता बिनतारीकडे. तारेवाचून घंटा वाजवण्याचा प्रयोग आपल्याच देशात जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये करून दाखवला होता. भिंतीपलीकडची घंटा वाजली आणि दारूही पेटली. पण हे तंत्र सामान्य माणसाच्या हाती यायला शतक लागले, आणि त्याला विज्ञानाइतकाच कायदा कारण होता. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. घरातल्या रेडिओचे लायसन पोस्टात भरायला जाणारी पिढी अजून आपल्यात आहे. २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे कमी शक्तीच्या यंत्रांसाठी विनापरवाना खुले झाले, म्हणून वडशासारख्या गावातला एक तरुण आज कोणाला न विचारता डबी बसवू शकतो.

तारेने जोडलेल्या दिव्यात निदान तार तुटलेली दिसते. हवेतला निरोप हरवला तर हरवल्याची खूण कुठेच राहत नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरांच्या आसपास असते आणि पाणी तिला शोषते. ओल्या धानाची थप्पी म्हणजे तिच्यापुढे पाण्याची भिंतच. ८६६च्या आसपासची लहर सुमारे ३५ सेंटिमीटरांची, ती अडथळ्यातून थोडी बरी जाते. पण कोणतीही लहर कधीतरी अडणारच. त्यामुळे दिव्याला दोन अवस्था पुरत नाहीत. चालू, बंद आणि 'माहीत नाही' अशा तीन लागतात. आणि 'माहीत नाही' ही अवस्था 'बंद'सारखी दिसता कामा नये.

त्या रात्रीनंतर मिलमध्ये दोन दिवस बराच खल झाला. शेठ म्हणत होते, दिवे काढूनच टाका. तरुण म्हणत होता, थप्पी दुसरीकडे लावा. मिस्त्री शेवटी त्याला एलिव्हेटरपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "बाबू, तुझी डबी मोटरले लागली हाये. पट्टा सरकला तर मोटर फिरतेच, बादल्या नाही फिरत. तवा तुझा दिवा हिरवाच रायते नं?" पोरगा गप्प झाला. थ्री माइल आयलंडचे नावही न ऐकलेल्या माणसाने त्या अपघाताचे मर्म एका वाक्यात सांगितले होते, आणि तेही दुसऱ्या बाजूने. विझलेला दिवा खोटा ठरला होता तसा लागलेलाही खोटा ठरू शकत होता. घसरलेला पट्टा पुलीवर घासून तापतो. आजूबाजूला सगळे तूसच असते.

पुढच्या आठवड्यात डबी मोटरवरून काढून एलिव्हेटरच्या खालच्या, नुसत्या फिरणाऱ्या पुलीच्या दांड्यावर बसवली. दांड्यावर लोहचुंबकाचा तुकडा चिकटवला, शेजारून तो जाताना डबी फेरे मोजते. ती आता काही घडो न घडो, दर दहा सेकंदांनी 'मी आहे, इतके फेरे झाले' असा निरोप पाठवते. ओळीने तीन निरोप आले नाहीत तर दिवा लाल लुकलुकतो. फेरे थांबले तर नुसता लाल. विझलेला दिवा असा प्रकारच फळीवर ठेवलेला नाही. विझलाच तर फळी बिघडली, आणि मिस्त्री येईपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही. खड्ड्यापाशी दोरीची एक कळ बसवली आहे, ती हमालाने ओढायची. झाकणाला कुलूप आहे आणि मुख्य स्विच पाडल्याशिवाय किल्ली मिळत नाही. हे शेवटचे दिव्यांच्या आधीच करायला हवे होते. १९४८च्या कारखाने कायद्याने फिरत्या भागांना पक्के कुंपण सांगितलेलेच होते.

यंदा हंगाम सुरू होण्याआधी मी तिकडे गेलो होतो. तोच हमाल फळीखाली बसून डबा खात होता. मधला एक दिवा लाल लुकलुकत होता. मी विचारले तर म्हणाला, "बॅटरी संपली असंल, नाहीतर आणखी काही असंल. मिस्त्री पाहून आल्याबिगर मी काई उठत नाही."