पटल गाळण, औद्योगिक जलप्रक्रियेतील

दाब देऊन पाणी निवडक्षम पटलातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, पार करणे आणि नको असलेले घटक मागे ठेवणे, या पद्धतीला पटल गाळण म्हणतात. बहुतेक संयंत्रांत पाणी पटलाला समांतर वाहते. त्यातले काही पार होते, उरलेले अडलेला मळ सोबत घेऊन बाहेर पडते. काय अडवायचे यावरून चार मुख्य प्रकार पडतात.

सूक्ष्मगाळणातील पटलाची छिद्रे साधारण 0.1 ते 10 मायक्रॉनची असतात. गढूळपणा आणि बहुतेक जीवाणू त्यात अडकतात, विषाणू निसटतात. अतिगाळणात छिद्रे 0.01 ते 0.1 मायक्रॉनची असल्याने विषाणू, प्रथिने आणि कलिलेही अडतात. दोन्हींना फारसा दाब लागत नाही. विरघळलेले क्षार मात्र दोन्हींतून आरपार जातात.

नॅनोगाळणात छिद्रे सुमारे एक नॅनोमीटरची असतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट यांसारखे द्विसंयुजी आयन बऱ्याच अंशी अडतात, सोडियम आणि क्लोराइड मोठ्या प्रमाणात पार होतात. हा मधला प्रकार उपेक्षिला जातो, पण त्याची निवडक्षमता फार मोलाची आहे. रंगाईच्या सांडपाण्यातून रंग अडवून मिठाचे पाणी परत वापरता येते. समुद्रातील तेलविहिरींत पाणी सोडण्याआधी त्यातला सल्फेट काढतात, कारण भूगर्भातील बेरियमशी तो भेटला की अविद्राव्य बेरियम सल्फेट साचून वाट बंद होते.

व्यस्त परासरणात, म्हणजे आरओमध्ये, ठळक छिद्रे नसतातच. पाणी पटलात मुरून पलीकडे जाते. समुद्राच्या पाण्याचा परासरणदाब सुमारे 27 बार असतो, म्हणून प्रत्यक्षात 55 ते 70 बार दाब द्यावा लागतो. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सेल्युलोज अॅसिटेटचे असममित पटल बनवले आणि ही पद्धत व्यवहारात आली. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा येथे तिचे संयंत्र सुरू झाले. पुढे जॉन कॅडॉट यांच्या पातळ पॉलिअमाइड थराने ते पटल मागे टाकले. हा थर क्लोरीनने मात्र खराब होतो, त्यामुळे पाण्यात आधी सोडियम बायसल्फाइट सोडतात. बॉयलरसाठी पाणी करताना आणखी एक अडचण येते: विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पटलातून सहज पार होतो, तो वेगळा काढावा लागतो.

पटल किती टिकेल हे पूर्वप्रक्रियेवर ठरते. आरओला जाणाऱ्या पाण्याचा गाळ घनता निर्देशांक, म्हणजे एसडीआय, 5 च्या खाली हवा, 3 च्या खाली असल्यास उत्तम. म्हणूनच आरओच्या आधी अतिगाळण बसवण्याची पद्धत रुजली. क्षार साचल्यास आम्लाने, सेंद्रिय मळ किंवा जैवथर चढल्यास अल्कलीने पटल धुतात. पूर्वप्रक्रियेत काटकसर करणारा कारखाना तो पैसा पुढे पटले बदलण्यात घालवतो.

सर्वांत अवघड प्रश्न नाकारलेल्या पाण्याचा, म्हणजे रिजेक्टचा आहे. 75 टक्के पाणी शुद्ध होऊन मिळाले, तर उरलेल्या चतुर्थांशात क्षारांची तीव्रता सुमारे चौपट होते. क्षार नष्ट होत नाहीत, फक्त जागा बदलतात. सांडपाण्याच्या प्रदूषणामुळे 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तमिळनाडूतील तिरुप्पूरचे रंगाई कारखाने बंद झाले. त्यानंतर तेथील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांनी आरओला बाष्पीभवनाची जोड देऊन शून्य द्रव विसर्गाची, म्हणजे द्रव सांडपाणी बाहेर न सोडण्याची, वाट धरली. तेथे सोडियम सल्फेट वेगळा काढून रंगाईत पुन्हा वापरतात. वापरता न येणारे मिश्र क्षार साठवून ठेवावे लागतात.